समुपदेशकाला परवाना द्या, पण एकटं सोडू नका

समुपदेशक कोणाला म्हणावं, हे आपल्याकडे बरीच वर्षं कोणी ठरवलंच नव्हतं. सहा महिन्यांचा डिप्लोमा केलेली गृहिणी, एम. ए. सायकॉलॉजी झालेला तरुण, एमएसडब्ल्यू करून पोलीस ठाण्यातल्या कक्षात बसणारी कार्यकर्ती, ‘मुलांशी बरं जमतं’ म्हणून शाळेने या कामाला जुंपलेल्या बाई, सगळ्यांच्या दारावर पाटी एकच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कर यांच्या व्याख्या आहेत, समुपदेशकाची नाही. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना जागा मिळाली (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पूर्वीसारखेच आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे राहिले). तेव्हापासून या क्षेत्रात बोलणं चालतं ते पदवी कोणती, इंटर्नशिप किती, नोंदणी कधी, याचं.

ते सगळं हवंच. पण या कामातल्या सर्वांत महाग चुका अपुऱ्या वाचनातून होत नाहीत. त्या दोन माणसं एका खोलीत आठवड्यामागून आठवडे बसली की त्यांच्यामध्ये जे तयार होतं, त्यातून होतात. मनोविश्लेषणाने त्याला ट्रान्सफरन्स आणि काउंटरट्रान्सफरन्स अशी नावं दिली. क्लायंट आपल्या आयुष्यातल्या जुन्या माणसांविषयीचा राग, लोभ, भीती, अपेक्षा नकळत समोरच्यावर आणून ठेवतो, हा ट्रान्सफरन्स. त्याला समोरच्याच्या मनातून जे उत्तर उमटतं आणि त्यात समोरच्याचंही जे जुनं मिसळतं, तो काउंटरट्रान्सफरन्स. दुसरी गोष्ट ज्याला होते, त्याला ती सहसा दिसत नाही. म्हणून नोंदणीच्या नियमांत नियमित सुपरव्हिजनची (आपल्या केसेस अनुभवी माणसासमोर मांडण्याची) अट घातली पाहिजे, आणि दर नूतनीकरणाला ती तपासली पाहिजे. नाहीतर परवाना म्हणजे भिंतीवर टांगायचा आणखी एक कागद.

हे किती हुशार माणसालाही एकट्याने जमत नाही, याचा सर्वांत जुना दाखला मनोविश्लेषणाचा जनक, खुद्द फ्रॉइडचाच आहे. १९०० सालच्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात एका कारखानदाराने आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला त्याच्याकडे आणलं. तिचं खरं नाव इडा बाउअर. ‘डोरा’ या टोपणनावाने ती प्रसिद्ध झाली. खोकला, मधूनच आवाज जाणं, घरच्यांना सापडलेली आत्महत्येची चिठ्ठी. वडिलांचे एका विवाहित बाईशी संबंध होते, आणि त्या बाईचा नवरा, म्हणजे केस-वृत्तांतातला ‘हेर के.’ (जर्मनमध्ये ‘हेर’ म्हणजे श्रीयुत), या मुलीच्या मागे लागला होता. वडिलांना आपलं प्रकरण सुखाने चालवता यावं म्हणून त्यांनी मला त्या माणसाच्या हवाली केलं, असं मुलीचं म्हणणं. फ्रॉइडने तिला खोटारडी ठरवलं नाही, हे त्या काळात मोठंच. पण त्या माणसावर तुझंही आतून प्रेम आहे, हे तो तिला पुन्हा पुन्हा पटवत राहिला. ३१ डिसेंबरला ती म्हणाली, आज शेवटचं. कधी ठरवलंस, असं त्याने विचारलं. पंधरा दिवसांपूर्वी, ती म्हणाली. हे तर मोलकरणीने नोटीस द्यावी तसं झालं, अशी फ्रॉइडची प्रतिक्रिया. अकरा आठवड्यांत उपचार संपले.

१९०५ मध्ये वृत्तांत छापताना त्याने शेवटी कबूल केलं की ट्रान्सफरन्स वेळेत हाताळता आला नाही: जो सूड तिला हेर के. वर उगवायचा होता, तो तिने आपल्यावर उगवला. कबुली प्रामाणिक आहे, पण अर्धीच. वडिलांवर आधी त्यानेच उपचार केले होते, आणि हेर के. वडिलांबरोबर त्याच्याकडे येऊन गेला होता. म्हणजे मुलीच्या दृष्टीने तो त्या पुरुषमंडळींच्याच बाजूचा. शिवाय ‘डोरा’ हे नाव कुठून आलं? फ्रॉइडच्या बहिणीकडे मुलं सांभाळणाऱ्या बाईचं नाव रोझा, आणि मालकिणीचंही रोझाच. म्हणून त्या बाईला आपलं नाव सोडून ‘डोरा’ व्हावं लागलं. हे त्याने स्वतःच १९०१ मध्ये लिहून ठेवलंय. आपल्याला नोटीस देऊन गेलेल्या मुलीला त्याने नेमकं घरकामाच्या बाईचं नाव दिलं! त्याच्या शेजारी बसून ‘डॉक्टर, ही मुलगी गेल्याचा तुम्हाला राग आलाय का?’ असं विचारणारं तेव्हा कोणी नव्हतं.

काउंटरट्रान्सफरन्स हा शब्द फ्रॉइडने वापरला तो १९०९ मध्ये आपला तरुण सहकारी युंग याला लिहिलेल्या पत्रात, युंग आपल्या एका रुग्णात गुंतला होता त्या संदर्भात. आणि जाहीरपणे १९१० च्या न्यूरेंबर्ग परिषदेत. तेव्हा तो दोष मानला जाई: ओळखा आणि काढून टाका. पुढे १९२० मध्ये बर्लिनला मनोविश्लेषणाचं क्लिनिक आणि प्रशिक्षण सुरू झालं. तिथे शिकणाऱ्याने तीन गोष्टी करायच्या होत्या: स्वतःचं विश्लेषण, सिद्धान्ताचे वर्ग, आणि आपल्या केसेस अनुभवी माणसासमोर नियमित मांडणं. तिसरी गोष्ट म्हणजे आजचं सुपरव्हिजन. मनोविश्लेषकांची आपसात भांडणं कमी नाहीत, फूट पडली नाही अशी संस्था शोधावी लागेल. तरी ही तिपायी जवळपास सगळ्यांनी ठेवली.

१९४९ मध्ये मनोविश्लेषक पाउला हायमान यांनी झुरिकच्या परिषदेत गाडी उलट्या दिशेने हाकली. समोरच्याविषयी आपल्या मनात जे उमटतं ते काढून टाकायचा कचरा नाही, क्लायंटच्या मनापर्यंत पोचायचं ते साधन आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी इंग्लंडमधला मनोविश्लेषक विनिकॉट याचा तिरस्कारावरचा निबंध छापून आला: थेरपिस्टला रुग्णाचा तिरस्कार वाटू शकतो, आणि तो वाटतोय हे माहीत असणं हाच बचाव. ठरलेल्या वेळी तास संपवणं, हेही त्या तिरस्काराला मिळालेलं सभ्य रूप आहे, असं तो म्हणतो. अर्जेंटिनातल्या हाइनरिख राकरने आणखी एक उपयोगी फरक दाखवला. कधी आपण क्लायंटच्या जागी उभे राहून त्याची भीती स्वतः भोगतो. कधी मात्र त्याच्या आयुष्यातल्या दुसऱ्या पात्राच्या जागी जाऊन बसतो, म्हणजे त्याचा कडक बाप होतो किंवा त्याची कंटाळलेली बायको. पहिल्याला आपण सहानुभूती म्हणून मिरवतो. दुसऱ्याची लाज वाटते, म्हणून ते दडपलं जातं, आणि घोटाळे तिथेच होतात.

हायमान यांच्या मांडणीचा एक वाईट परिणामही झाला, तो सांगायला हवा. ‘मला राग येतोय, म्हणजे तो क्लायंटनेच माझ्यात घातलाय’ असं म्हणून स्वतःची जबाबदारी झटकण्याची सोय झाली. हा अतिशय आकर्षक आळस आहे. राग कोणाचा हे ठरवायला काही साधे प्रश्न विचारावे लागतात. ही भावना फक्त याच क्लायंटबरोबर येते की आज सगळ्यांबरोबर? सेशनच्या आधीपासून होती का? या क्लायंटच्या आयुष्यातल्या इतर माणसांनाही त्याच्याविषयी असंच वाटत आलंय, असं त्याच्याच बोलण्यातून दिसतं का? तिन्हींची उत्तरं क्लायंटकडेच बोट दाखवत असतील तर ती भावना माहिती म्हणून वापरता येईल. नाहीतर ती आपली आहे, घरी न्यावी.

महाराष्ट्रात यावर हमखास येणारं उत्तर असं: आम्ही मनोविश्लेषण करतच नाही. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. मनोविश्लेषण भारतात १९२२ मध्येच आलं, कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी संस्था काढली. मुंबईतही त्याची परंपरा आहे, पण ती छोटी आणि मुख्यतः इंग्रजीतली. मराठीत घरोघरी पोचली ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धती, कि. मो. फडके यांच्यामुळे. (एलिस स्वतः आधी मनोविश्लेषणच करत असे, ही गंमत.) घटना, तिच्याबद्दलची समजूत, त्यातून आलेली भावना असा तक्ता मांडायचा, अविवेकी समजुतीला आव्हान द्यायचं. यात नात्याचा प्रश्न येतोच कुठे?

येतो, आणि गृहपाठातच येतो. एखादा क्लायंट दर आठवड्याला सुबक अक्षरात भरलेला तक्ता आणतो. अविवेकी समजुती बरोबर ओळखलेल्या, पर्यायी विधानं पाठ. समुपदेशक खूश. दोन महिन्यांनी कळतं की त्याची झोप तशीच उडालेली आहे आणि बायकोशी अबोला तसाच चालू आहे. तो तक्ता स्वतःसाठी भरतच नव्हता, सरांसाठी भरत होता. लहानपणी वडिलांना प्रगतिपुस्तक दाखवायचा तसा. आणि समुपदेशक ‘शाब्बास’ म्हणत राहिला, कारण हुशार विद्यार्थी कोणाला आवडत नाही? हा शुद्ध ट्रान्सफरन्स आहे, आणि ते ‘शाब्बास’ हा शुद्ध काउंटरट्रान्सफरन्स. पद्धत कोणतीही असो, खोलीत माणसं दोनच असतात.

आपल्याकडे तर हे प्रकरण सेशनच्याही आधी सुरू होतं. आडनाव आणि गाव विचारलं जातं आणि दोन्ही मनांत एकमेकांविषयी निम्मा मजकूर लिहून होतो. राखीव जागेवर प्रवेश घेतलेला मुलगा हॉस्टेलमधल्या एकटेपणाबद्दल बोलायला येतो. उच्चवर्णीय समुपदेशक एकतर जात हा विषय अंगाला लागू देत नाही (‘आपण फक्त तुझ्या विचारांवर काम करू’), नाहीतर अपराधी वाटून इतका मऊ होतो की चुकलेल्या सेशनबद्दलही त्याला विचारत नाही. दोन्ही ठिकाणी मुलगा एकटाच राहतो. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांपुढे पेच वेगळा: समोर नवरा-बायको दोघं, आणि मागे स्वतःचं सासर. वीस मिनिटांत कुठल्या एका बाजूने आपली मान जास्त हलू लागली, हे त्या खुर्चीत बसून मोजता येत नाही.

आणखी एक खूण मराठीत काम करणाऱ्याला फुकट मिळते. क्लायंटला ‘तुम्ही’ म्हणणारा समुपदेशक कोणत्या सेशनमध्ये ‘अगं’वर आला? क्लायंट ‘मॅडम’वरून ‘ताई’वर कधी गेली, आणि ते कोणाच्या सोयीसाठी झालं? ताई म्हणू देण्यात गैर काही नाही; पण ताईला रात्री साडेअकराला मेसेज करता येतो, ताईने दिवाळीचा फराळ नाकारायचा नसतो, आणि ताई फी मागत नाही. फराळाचा डबा घ्यावा की नाही यावर नियम करण्यापेक्षा, तो याच आठवड्यात का आला, हे विचारणं जास्त कामाचं. मागच्या सेशनमध्ये ती तुमच्यावर चिडली होती का?

बिघाड होतो तो कसा, ते एका काल्पनिक उदाहरणात पाहू. पस्तिशीतली एक बाई दर बुधवारी चारला येते, सेशन पन्नास मिनिटांचं. चार आठवडे वेळेवर. पाचव्या आठवड्यात वीस मिनिटं उशीर, बस चुकली. समुपदेशक चार पन्नासऐवजी पाच दहाला थांबते. सहाव्या आठवड्यात पुन्हा तेच. सातव्या आठवड्यात पुढचा क्लायंट बाहेर ताटकळतो, समुपदेशक मनातून धुमसते, आणि तोंडून निघतं, ‘तुम्हाला बदलायचंच नाहीये असं वाटतं मला.’ आठव्या आठवड्यात बाई येत नाही. नोंदवहीत शेरा पडतो: मोटिव्हेशन कमी, ड्रॉप आउट. आता दुसऱ्याच सेशनमध्ये तिने सांगितलेलं आठवा: आई सगळं करायची, करायची, आणि एक दिवस भडकायची. तिच्या आईचं काम समुपदेशकाने तीन आठवड्यांत बिनचूक करून दाखवलं. बिघाड सातव्या आठवड्यातल्या वाक्यात नाही, पाचव्या आठवड्यातल्या वीस मिनिटांत आहे. तिथे सुपरव्हायझर असता तर त्याने एवढंच विचारलं असतं: ‘ही वीस मिनिटं तू कोणासाठी वाढवलीस?’

हे घडायचं तर सुपरव्हिजन म्हणजे नेमकं काय ते स्पष्ट हवं, कारण आपल्या संस्थांमध्ये या शब्दाचा अर्थ बहुधा ‘महिन्यात किती केसेस झाल्या, रजिस्टर भरलं का’ असा असतो. ती प्रशासकीय देखरेख. ज्याच्या हातात पगारवाढ आणि कंत्राट आहे त्याच्यासमोर ‘मला या क्लायंटचा वैताग येतो’ किंवा ‘मी याच्या सेशनची वाट बघते’ असं कोण बोलेल? म्हणून पहिली अट: क्लिनिकल सुपरव्हायझर आणि साहेब या दोन वेगळ्या व्यक्ती हव्यात.

दुसरी गोष्ट सामग्रीची. सेशन झालं त्याच दिवशी व्हर्बॅटिम, म्हणजे शब्दशः संवाद, लिहायचं, दोन रकान्यांत. डावीकडे कोण काय म्हणालं. उजवीकडे त्या क्षणी स्वतःला काय झालं: घड्याळ पाहिलं, जांभई आली, सल्ला द्यायची घाई झाली, डोळे भरले. अख्खं सेशन लिहिणं जमत नसेल तर पहिली पाच आणि शेवटची दहा मिनिटं तरी. आणि मधला जो भाग काही केल्या आठवत नाही, तो ‘आठवत नाही’ म्हणूनच नोंदवायचा. बहुतेक वेळा चर्चा तिथेच रंगते. नाव, गाव, नोकरी बदलायची. आपली केस अशी मांडली जाईल हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगून लेखी संमती घ्यायची. चार-पाच जणांचा गट, दर पंधरा दिवसांनी दीड तास, एका वेळी एकच केस. तीन केसेस कोंबल्या की सल्ल्यांची देवाणघेवाण सुरू होते आणि उजवा रकाना कोणी वाचतच नाही.

शिवाय केस मराठीत झाली असेल तर चर्चाही मराठीत व्हावी. इंग्रजीत मांडताना ‘तुम्ही’चं ‘तू’ कुठे झालं हे पुसलं जातं, म्हणजे पुरावाच नाहीसा होतो.

नवख्यांसाठी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. ट्रान्सफरन्स ओळखणं वेगळं आणि तो क्लायंटला बोलून दाखवणं वेगळं. तिसऱ्या भेटीत ‘तुम्ही माझ्यात तुमच्या वडिलांना बघताय’ असं म्हणणं हा आगाऊपणा आहे. क्लायंट एकतर हसतो किंवा दुखावतो. ऑस्लोत पेर ह्योग्लेंड आणि सहकाऱ्यांनी १०० रुग्णांवर केलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे कामाचा आहे. आठवड्याला एक सेशन, एक वर्ष. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकात थेरपिस्ट ट्रान्सफरन्सवर बोलायचे, दुसऱ्यात नाही. सरासरीत फरक पडला नाही. ज्यांची नाती आयुष्यभर विस्कटलेली होती, त्यांना मात्र त्यावर बोलल्याने जास्त फायदा झाला. म्हणजे हे हत्यार ठरावीक ठिकाणी, शिकलेल्या हातानेच चालवायचं. बाकीच्यांनी ओळखावं, वेळ-फी-मेसेज यांची चौकट सांभाळावी, आणि सुपरव्हिजनला घेऊन जावं.

प्रेमात पडल्याचं क्लायंटने सांगितलं तरी हेच. फ्रॉइडने १९१५ मध्ये लिहिलेला मार्ग आजही चालतो: प्रतिसाद द्यायचा नाही, झिडकारायचंही नाही. ‘हे इथे बोलता येतं, त्याबद्दल आपण बोलूही. त्यावर इथे काही घडणार नाही.’ समुपदेशकच त्या वाराला जरा जास्त नीटनेटका तयार होऊन येऊ लागला, किंवा त्या क्लायंटला दिवसातली शेवटची वेळ देऊ लागला, तर आठवडाभरात सुपरव्हायझरला फोन करावा. तिथेही ते सांगावंसं वाटत नसेल, तर केस दुसऱ्याकडे सोपवायची वेळ आलीच आहे.

आता पैशांचा आक्षेप. जिल्ह्याच्या ठिकाणी दहा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्या समुपदेशकाने सुपरव्हिजनची फी कुठून भरायची? रास्त प्रश्न आहे, आणि म्हणूनच हा खर्च व्यक्तीवर टाकू नये. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रवास आणि छपाईला ओळ असते तशी सुपरव्हिजनला असावी. सरकारी योजनेत तर असावीच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही लाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिथे फोन घेणाऱ्याला तोच क्लायंट पुन्हा भेटेलच असं नाही, पण सलग शिफ्टमध्ये ऐकलेलं मनात साचतंच, आणि चौथ्या फोनवरचा माणूस तिसऱ्या फोनचा राग झेलतो. स्वतःची थेरपी सक्तीची करा, असं मात्र म्हणवत नाही. मनोविश्लेषकाला ती अनिवार्य आहे आणि असावी. शाळेतल्या समुपदेशकावर ती लादली तर गरीब घरांतली माणसं या व्यवसायातून बाहेर पडतील आणि उरतील फक्त मुंबई-पुण्याची.

सुपरव्हायझर पुरेसे नाहीत, हेही खरं. पण पंधरा दिवसांतून दीड तास व्हिडिओवर गट चालवायला प्रत्येक तालुक्यात तज्ज्ञ लागत नाही. ब्रिटनमध्ये बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना आपल्या प्रत्येक प्रॅक्टिस करणाऱ्या सदस्याला नियमित सुपरव्हिजन घ्यायला लावते (ॲक्रेडिटेड सदस्याला महिन्याला किमान दीड तास), मग तो तीस वर्षं मुरलेला का असेना. ‘सुपरव्हिजनने क्लायंट खरंच लवकर बरे होतात का’, याचे पुरावे अजून तोकडे आहेत, हेही लपवायचं कारण नाही. काउंटरट्रान्सफरन्स हाताळता येणाऱ्या थेरपिस्टच्या क्लायंटचे परिणाम चांगले असतात, इथपर्यंत संशोधन नेतं. त्यापुढचा युक्तिवाद साधा आहे: जे स्वतःला दिसत नाही, ते बघायला दुसरा माणूस लागतो.

नियम होतील तेव्हा होतील. तोपर्यंत क्लायंटने पहिल्या भेटीत फी आणि वेळ विचारतो त्याच सुरात विचारावं: ‘तुम्ही तुमच्या केसेस कोणासमोर मांडता, किती दिवसांनी?’ नाव सांगायची गरज नाही. पण ‘महिन्यातून दोनदा, गटात’ असं काहीतरी ठोस उत्तर यायला हवं. ‘इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर गरज पडत नाही’ असं ऐकू आलं, तर दुसरीकडे चौकशी करावी.